विकिपीडियावर एक ओळ लिहिली आणि २५ लाखांची नोटीस आली

मी वकील आहे, मला मेलवर आलेला एक प्रश्न थोडक्यात असा: "मी सांगली जिल्ह्यात हायस्कूलला शिक्षक आहे, सहा वर्षं मराठी विकिपीडियावर लिहितोय. एका पत्रकाराच्या पानावर (आधी पेपरात होते, आता स्वतःचं यूट्यूब चॅनल) मी जानेवारीत पहिल्याच वाक्यात 'खोट्या बातम्या पसरवण्यासाठी ओळखले जातात' असं टाकलं, तीन संदर्भ दिले. जूनमध्ये कुणीतरी ते काढलं, मी परत टाकलं, असं एका दिवसात चारदा झालं. चर्चा पानावर वाद घालताना मी त्यांना 'विकाऊ' म्हणालो. आता वकिलाची नोटीस आलीय, सात दिवसात विनाशर्त माफी आणि २५ लाख, नाहीतर ६६अ आणि मानहानीची एफआयआर. एक प्रत मुख्याध्यापकांना पण गेलीय. अकाउंट डिलीट करू का? विकिपीडियाने माझं नाव दिलं का? संदर्भ दिलेले असताना मी दोषी कसा?"

सर, पहिलं म्हणजे अकाउंट डिलीट करू नका. ते तसं होतही नाही, आणि "इतिहास पहा" वर क्लिक केलं की कुणी कधी काय टाकलं ते मिनिटासकट दिसतं, ते तुम्ही पुसू शकत नाही. पुसायचा प्रयत्न केला एवढंच कोर्टात दिसेल. उलट तो इतिहास तुमच्या कामाचा आहे, कारण सहा वर्षं तुम्ही गडकिल्ले, नद्या, साहित्यिक असलं लिहिताय आणि या माणसाशी तुमचं काही वैर नव्हतं हे त्यातूनच दाखवता येईल. आजच सगळ्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट आणि पीडीएफ करून ठेवा. पुढे पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट लागतं, ते मी बघेन.

आता नोटीस. नोटीस म्हणजे समन्स नाही, आणि त्यातली अर्धी हवा तर मी इथेच काढतो. आयटी कायद्याचं ६६अ हे कलम (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं) सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल केसमध्ये रद्द केलंय, दहा वर्षं उलटून गेली तरी वकील लोक ते नोटिशीत टाकतातच, बहुतेक जुना फॉरमॅट कॉपी करून. मानहानी म्हणजे न्याय संहितेचं कलम ३५६, ते अदखलपात्र आहे, पोलीस थेट एफआयआर घेत नाहीत, त्या पत्रकाराला मॅजिस्ट्रेटकडे खाजगी फिर्याद करावी लागेल आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी मॅजिस्ट्रेटला तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा, पण गुन्हा जामीनपात्र आहे. रात्री दारात जीप येऊन थांबेल वगैरे डोक्यातून काढा. २५ लाखाचं म्हणाल तर दावा लावायचा तर त्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे अशा बऱ्याच नोटिसा नोटिशीवरच थांबतात. पण थांबेलच असं धरून उत्तर न देणं हा मूर्खपणा होईल.

विकिपीडियाने नाव दिलं का? नाही. तुमच्या मेलमध्येच उत्तर आहे, तुम्हीच त्या एडिटचा स्क्रीनशॉट फेसबुकवर "आज एकाची जिरवली" म्हणून टाकलात आणि तो शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरला. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. आता ती पोस्ट पण काढू नका, फक्त पुढे काही लिहू नका. ती "जिरवली" पोस्ट त्यांच्या हातातलं सगळ्यात चांगलं हत्यार आहे, कारण सद्भावनेने लिहिलं असं आपण म्हणायला गेलो की ते हीच पोस्ट पुढे करणार.

नाव मागतात हे मात्र खरंय. एएनआय या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात विकिमीडिया फाउंडेशनवर (विकिपीडिया चालवणारी संस्था) २ कोटींचा दावा लावला, कारण इंग्रजी विकिपीडियावर एएनआयच्या पानावर सरकारचं प्रचारयंत्र असल्याचा आरोप होतो अशा अर्थाचं वाक्य होतं. ऑगस्टमध्ये कोर्टाने तीन संपादकांची माहिती द्या म्हणून सांगितलं, त्यावरून अवमानापर्यंत गेलं, शेवटी नोव्हेंबरमध्ये असं ठरलं की समन्स विकिमीडियानेच त्या तिघांना पोचवायचं आणि त्यांची ओळख उघड न करता फक्त कोर्टाला बंद लिफाफ्यात द्यायची. हे विकिमीडिया भांडली म्हणून झालं. अजून एक लक्षात घ्या, आयटी कायद्याच्या कलम ७९ चं सेफ हार्बर, म्हणजे दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून सूट, विकिमीडियाला आहे, तुम्हाला नाही. वाक्य लिहिणारे तुम्ही, प्रकाशित करणारे तुम्ही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि खरा मुद्दा हाच आहे. संदर्भ दिले म्हणजे झालं असं तुम्हाला वाटतंय. तुमच्या तिन्ही लिंका मी उघडून बघितल्या. पहिली एका फॅक्टचेकची, धरणाच्या दरवाजांचा जो व्हिडिओ चॅनलवर दाखवला तो दुसऱ्याच राज्यातला आणि जुना होता हे त्यांनी नीट दाखवलंय. ही लिंक उत्तम. दुसरी एका पेपरातल्या संपादकीय पानावरचा लेख, त्यात सगळ्या यूट्यूब पत्रकारांची हजेरी घेतलीय आणि तुमच्या माणसाचं नाव एकदा, कंसात येतं. तिसरं एका पक्षाच्या कार्यकर्त्याचं ट्वीट. यातून काय सिद्ध होतं? एक व्हिडिओ चुकीचा होता. "ओळखले जातात" हे कुठून आलं? ते तुमचं आहे सर, तीन लिंका एकत्र मळून तुम्ही चौथीच पोळी लाटलीत, जी तिन्हीत कुठेच नव्हती. विकिपीडियात याला मूळ संशोधन म्हणतात आणि ते चालत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. "[संदर्भ हवा]" तुम्हीच इतरांच्या वाक्यांना लावत असाल.

हयात माणसांच्या चरित्राचे नियम इतके कडक का आहेत तर ते पण एका पत्रकारामुळेच. जॉन सायगेनथेलर म्हणून अमेरिकेतले मोठे संपादक, रॉबर्ट केनेडींचे एकेकाळचे सहायक. २००५ मध्ये एकाने गंमत म्हणून त्यांच्या पानावर लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता, आणि ते १३२ दिवस तसंच राहिलं. ते कोर्टात गेले नाहीत, यूएसए टुडेमध्ये लेख लिहिला, आणि त्यानंतरच हयात व्यक्तींबद्दलचं धोरण आलं: वादग्रस्त मजकुराला पक्का संदर्भ नसेल तर चर्चेची वाट न बघता तो काढायचा, आणि हे चर्चा पानाला पण लागू. ट्वीट, फेसबुक पोस्ट, ब्लॉग असल्या स्वतःच छापलेल्या गोष्टी दुसऱ्याच्या चरित्रात संदर्भ म्हणून चालत नाहीत. तुमची ओळ काढणारा बहुधा त्या पत्रकाराचाच माणूस असेल, असू दे, त्या एका बाबतीत तो नियमाने बरोबर होता.

पण विकिपीडियाचा नियम एक आणि कायदा एक. विकिपीडियाला विचारायचं असतं की हे कुठे छापून आलंय. कोर्ट विचारतं की हे खरं आहे का. "अमक्या पेपरात आलं म्हणून लिहिलं" हा बचाव होत नाही, दुसऱ्याची बदनामी पुन्हा छापणारा पण छापणाराच. फौजदारीत सत्य आणि लोकहित दोन्ही दाखवावं लागतं, दिवाणीत सत्य पुरेसं. मत म्हणून सूट मिळते, पण ते मत खऱ्या घटनेवर उभं पाहिजे आणि मत आहे असं वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. विश्वकोशाच्या पहिल्या वाक्यात कर्त्याचं नाव न घेता टाकलेलं वाक्य मत वाटत नाही, ते "पुण्यात जन्म" याच्याइतकं निर्विकार वाटतं. एएनआयच्या केसमध्ये २ एप्रिल २०२५ ला एकल न्यायाधीशांनी नेमकं हेच धरलं, की संदर्भ म्हणून दिलेले लेख संपादकीयं आणि मतं आहेत, आणि मजकूर काढायला सांगितला. तो आदेश १७ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने बाजूला ठेवला, कारण फार मोघम होता, नेमकं कुठलं वाक्य ते सांगून परत अर्ज करा म्हणाले. म्हणून मी पण वाक्य वाक्य धरून बोलतोय.

तुम्ही हेच असं लिहिलं असतं तर? "अमुक सालच्या अमुक व्हिडिओतलं धरणाचं दृश्य दुसऱ्या राज्यातलं असल्याचं अमुक फॅक्टचेक संस्थेने दाखवलं", मग त्यांनी खुलासा केला असेल तर तो, आणि हे सगळं पहिल्या वाक्यात नाही, खाली कारकिर्दीच्या भागात, तीस वर्षांच्या नोकरीत त्या व्हिडिओचं जेवढं वजन तेवढंच. हे वाक्य मी कुठल्याही कोर्टात उभं करून दाखवतो. पत्रकार सार्वजनिक माणूस आहे, रोज दुसऱ्यांना प्रश्न विचारतो, त्याने टीका झेललीच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"विकाऊ" चं मात्र काही करता येत नाही. कुणी पैसे दिले, कधी, किती, यातलं तुमच्याकडे काही आहे का? नाही. मग उचलली जीभ लावली टाळ्याला.

मुदतीचा मुद्दा आपल्या बाजूने थोडा आहे. बदनामीचा दिवाणी दावा प्रकाशनापासून एका वर्षात लावावा लागतो, आणि इंटरनेटवर मजकूर नुसता पडून राहिला म्हणून रोज नवीन मुदत सुरू होत नाही असं दिल्ली हायकोर्टाने २०१३ मध्ये खावर बट केसमध्ये म्हटलंय. म्हणजे आपण जानेवारी धरू. पण जूनमध्ये तुम्ही चारदा परत टाकलंत, ते म्हणतील ही चार नवीन प्रकाशनं. नुसतं पडून राहणं वेगळं आणि हाताने परत टाकणं वेगळं, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यात दम आहे. आणि फौजदारीला मुदत तीन वर्षं, तिथे हा वाद कामाचाच नाही.

तर आता करायचं काय. स्क्रीनशॉट झाले की ती ओळ तुम्हीच काढा, एडिटच्या कारणात फक्त "संदर्भ अपुरे" एवढंच लिहा, आणि चर्चा पानावरचा "विकाऊ" शब्द पण काढून तिथे दोन ओळीत लिहा की तो शब्द मागे घेतो. फॅक्टचेकची लिंक चर्चा पानावर ठेवा, प्रचालकांना (विकिपीडियाची व्यवस्था बघणारे) आणि चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेचं पान) कळवा की या पानावर मी आता लिहिणार नाही, दुसऱ्या कुणीतरी बघून घ्या. इंग्रजी पानाला हात लावू नका, ते वेगळं घर आहे. आणि कृपा करून तिथे "माझ्या वकिलाशी बोलणं चालू आहे" असं लिहू नका, विकिपीडियावर कायदेशीर धमकी दिली की ब्लॉक करतात, तुम्ही बचावात असलात तरी ते वाक्य धमकीच वाटतं.

नोटिशीला उत्तर आपण सातव्या दिवसाच्या आत, पोस्टाने, पोचपावती घेऊन देऊ, सगळे हक्क राखून. त्यात सांगू की ओळ आणि शब्द काढला, शब्दाबद्दल खेद आहे, व्हिडिओबद्दलची वस्तुस्थिती मान्य नाही असं ते नोटिशीत कुठेच म्हणत नाहीत, आणि २५ लाखांची मागणी अमान्य. त्यांनी पाठवलेल्या माफीनाम्यावर सही नाही. त्यात "मी पैसे घेऊन हे केलं" असं एक वाक्य मधेच घुसवलंय, तुम्ही घाबरून बघितलं नसेल, तिसऱ्या परिच्छेदात आहे.

मुख्याध्यापकांना तुम्हीच उद्या जाऊन भेटा, एका पानाचं पत्र द्या, की हा वैयक्तिक विषय आहे आणि उत्तर वकील देतायत. एडिट शाळेच्या कॉम्प्युटरवरून केलं होतं का ते मात्र मला आधी फोनवर सांगा, मेलवर नको.