वाचक विचारतात : हिवाळ्यातले जहाज

प्रश्न : मी जर्सी सिटीत राहते. न्यूयॉर्कच्या साउथ स्ट्रीट सीपोर्ट संग्रहालयाच्या 'पायोनियर' या शिडाच्या जहाजाच्या हिवाळी डागडुजीत दीर्घकाळ स्वयंसेवा करावी, असे मनात आहे. जहाजाचा अनुभव नाही, जमेल का?

उत्तर : अनुभवापेक्षा नियमितपणा मोलाचा आहे. १८८५ मध्ये बांधलेले, लोखंडी सांगाड्याचे हे जहाज उन्हाळ्यात प्रवाशांना बंदरात फिरवते. त्यामुळे शिडे उतरवून, लाकडी कप्प्या सोडवून, त्या घासून पुन्हा वार्निश करण्याचे काम हिवाळ्यावरच येते. थंड, दमट हवेत वार्निश नीट वाळत नाही, म्हणून शक्य तेवढे सामान छताखाली नेले जाते, आणि प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश कागदाने घासून पुढचा हात द्यावा लागत असल्याने एका कप्पीतच कित्येक दिवस जातात. हे कंटाळवाणे वाटेल, पण दोरखंडांची खरी ओळख इथेच होते, असे माझे मत आहे. जुना रंग खरवडताना मात्र मुखपट्टी टाळू नका, त्यात शिसे असू शकते. तुम्ही व्हिसावर असाल, तर विनावेतन कामाचे नियमही आधी तपासा. शेजारीच संग्रहालयाचे 'वेव्हरट्री' हे दुसरे शिडाचे जहाज उभे आहे. तेही १८८५ चेच, आणि बंगालचा ताग स्कॉटलंडला नेण्यासाठी बांधलेले.