सीपॅप मशीन लावल्यापासून वडिलांचं तोंड कोरडं पडतं, ओठ फुटतात. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की अंबाजोगाईला राहणाऱ्या तुमच्या वडिलांना स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास मधूनमधून थांबण्याच्या आजारासाठी, सीपॅप (मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन) लावून महिना होत आला. नाकावरचा मास्क आहे, घोरणं थांबलं, पण पहाटे जीभ टाळूला चिकटलेली असते, ओठ फुटून रक्त येतं. ह्युमिडिफायर (मशीनच्या हवेला ओलावा देणारी, पाणी तापवणारी टाकी) शेवटच्या नंबरावर ठेवूनही फरक नाही आणि बाबा म्हणतात, मशीनच नको. मी परभणीचा, बरीच वर्षं सीपॅप लावूनच झोपतो. मशीन बंद करू देऊ नका. या त्रासावर इलाज आहे, पण आधी हवा कुठून निसटते ते शोधावं लागेल.

नाकावर मास्क असताना झोपेत तोंड उघडं पडलं, की मशीनची हवा नाकातून शिरते आणि तोंडावाटे निघून जाते. रात्रभर हा वारा वाहत राहिला की जीभ, टाळू, ओठ सगळं सुकतं. नाकही आतून सुकतं, सुजतं आणि चोंदतं. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. हे चालू असताना ह्युमिडिफायर कितीही वाढवा, तो पुरा पडत नाही.

म्हणून एका रात्री बाबांना गाढ झोप लागली की शेजारी बसा. हाताची उलटी बाजू त्यांच्या ओठांजवळ धरा. वारा लागतो का, गाल फुगून ओठांतून फुस्स आवाज येतो का, ते बघा. मग मास्कच्या कडेनं बोट फिरवा. मिशा दाट असतील किंवा झोपताना कवळी काढून ठेवत असतील, तर मास्क नीट बसत नाही. मास्कची गादी जुनी झाली की तीही हवा सोडते. सकाळी मशीनच्या स्क्रीनवर गळतीचा आकडा दिसतो. रेसमेड कंपनीच्या मशीनला मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते, त्याच्या वर रोज जात असेल तर दुरुस्ती हवीच.

तोंडातून हवा जात असेल तर पहिलं नाक मोकळं करा. मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे मेडिकलवर मिळतो, तो झोपण्याआधी मारायचा. जलनेती करणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं किंवा बोअरचं थेट नाकात घालू नका. नाकाचं हाड वाकडं असेल किंवा ॲलर्जी असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तुमच्या गावातच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यासाठी लांब जायची गरज नाही. एवढं करूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा लावून बघा, नाहीतर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्या. काही जण तोंडाला चिकटपट्टी लावायला सांगतात. वयस्कर माणसाला ती मुळीच लावू नका. नाक चोंदलं किंवा उलटी झाली तर जीवावर बेतेल.

आता ह्युमिडिफायर. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडीठाक असते, त्यात एसी लावला की आणखी कोरडी. कूलर असेल तर ओलावा बरा राहतो, अशा वेळी ह्युमिडिफायरचा नंबर थोडा खाली आणावा लागतो. थंडीत उलटं होतं. डिसेंबरात परभणीला पारा एकदम उतरतो, तेव्हा नळीत वाफेचं पाणी होऊन गुडगुड आवाज येतो. नळी पांघरुणाच्या आत घ्यायची, किंवा मशीनला चालत असेल तर तापणारी नळी घ्यायची. लाइट गेल्यावर मशीन इन्व्हर्टरवर चालवत असाल तर ह्युमिडिफायर बंद ठेवा. पाणी तापवायलाच जास्त वीज लागते. त्या रात्री कोरड जाणवेल, पण मशीन तरी सकाळपर्यंत चालेल.

टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरच्या पाण्यानं तळाच्या पत्र्यावर पांढरा थर चढतो, नखानं खरवडला तरी निघत नाही. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. उरलेलं पाणी रोज सकाळी फेकून टाकी धुऊन वाळवायची. थर चढलाच तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी करून भिजत ठेवा, मग स्वच्छ धुवा.

ओठांना रात्री तूप, खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका. आपल्या घरात हात आधी तिकडेच जातो, पण तेला-तुपानं मास्कचं सिलिकॉन खराब होतं आणि तो घसरतो. रात्री पाण्याच्या बेसचं लिप जेल लावा, तूप सकाळी मास्क काढल्यावर लावा. ओठ चाटू नयेत, त्यानं ते जास्त फुटतात. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर तीही यात भर घालते. ओठांचे कोपरेच चिरत असतील तर डॉक्टरांना दाखवा. ते बुरशीनं किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही होतं.

दिवसाही तोंड कोरडं राहत असेल तर साखर तपासून घ्या. ॲलर्जीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही कोरड पडते. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, त्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. मशीनचं प्रेशरही घरी बदलू नका. ते जास्त असलं तरी तोंड उघडतं, पण किती कमी करायचं हे रात्रीची नोंद पाहूनच ठरतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना मशीनमधलं नोंदीचं कार्ड आणि बाबांचा मास्क दोन्ही न्या, आणि मास्क तिथे आडवं झोपवून लावून बघायला सांगा. बसल्यावर नीट बसणारा मास्क आडवं पडल्यावर बऱ्याचदा सुटतो.