संदिग्ध, अस्पष्ट आणि 'व्याख्या'

प्रश्न इंदूरच्या एका वाचक ताईंचा आहे. तिथल्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास चालतो, त्यावर त्या मराठीत लेख लिहीत आहेत. शीर्षक दिलं 'संदिग्ध इलेक्ट्रॉन घनतेची व्याख्या'. घरचे म्हणाले, "संदिग्ध म्हणजे काय पोलिसांनी पकडलेली?" मग त्याऐवजी 'अस्पष्ट' चालेल का?

ताई, 'संदिग्ध' राहू द्या. काढायची ती 'व्याख्या'.

घरच्यांचं हसणं इंदुरात स्वाभाविकच आहे. हिंदी पेपरातला 'संदिग्ध' हा गुन्ह्याच्या बातमीतला माणूस. मराठी पेपर त्यालाच 'संशयित' म्हणतो. मराठीत पुढारी संदिग्ध उत्तर देतो, तेव्हा त्याचं बोलणं लख्ख ऐकू आलेलं असतं, फक्त होकार की नकार ते कळत नाही. अस्पष्ट बोलणं म्हणजे मुळात नीट ऐकूच न येणं. व्युत्पत्तीत हा भेद नाही, ही एक गंमत. 'दिह्' म्हणजे लेपणं, माखणं. संदिग्ध आणि संदेह दोन्ही त्याच धातूतले.

तुमच्या विषयात हा भेद फार कामाचा आहे. घनतेच्या नकाशात, म्हणजे स्फटिकात इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत ते दाखवणाऱ्या चित्रात, एखादा गोळा अगदी ठसठशीत दिसतो, पण तो कशाचा? पाण्याच्या रेणूत 10 इलेक्ट्रॉन, सोडियमच्या आयनात 10, मॅग्नेशियमच्या आयनातही 10. नुसत्या घनतेवरून ठरवणं अवघड, म्हणून शेजारी पाहायचे. भोवतालचे ऑक्सिजन साधारण 2.8 अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असतील तर पाणी, 2.4 च्या आसपास असतील तर सोडियम, आणि 2.1 वर सहा जण अष्टफलकाच्या टोकांवर असावेत तसे बसले असतील तर मॅग्नेशियम. ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाच्या टोकाचंही तसंच. तिथले ऑक्सिजन आणि नायट्रोजन (8 आणि 7 इलेक्ट्रॉन) नेहमीच्या रेझोल्यूशनला (नकाशाच्या बारकाईला) सारखेच दिसतात. कोण कुठे, ते हायड्रोजन बंधांवरून ठरवायचं. ही खरी संदिग्ध घनता.

प्रथिनाच्या पृष्ठभागावरचा एखादा सैल वेटोळा मात्र स्फटिकातल्या प्रत्येक रेणूत थोडा वेगळा पडलेला असतो. नकाशा त्या सगळ्यांची सरासरी दाखवतो, म्हणून तिथली घनता पुसट होते किंवा दिसतच नाही. ती अस्पष्ट. किती घनतेपासून पुढचं दाखवायचं ती नकाशाची पातळी खाली खाली ओढून तिथे अणू बसवण्यापेक्षा तो भाग प्रतिकृतीतून वगळलेला बरा, असं माझं मत. पातळी पुरेशी उतरवली की गोंगाटातही हवं ते दिसतं.

एक तिसरा प्रकारही आहे. प्रथिनाच्या मुख्य साखळीला फुटलेली बाजूची साखळी काही रेणूंत एकीकडे, काहींत दुसरीकडे वळलेली असते आणि नकाशात दोन्ही फांद्या दिसतात. तिथे दोन्ही उत्तरं खरी असतात, त्यामुळे तिला संदिग्ध म्हणू नका. 'दुहेरी' म्हटलं तरी पुरे.

आता 'व्याख्या'. हिंदीत 'व्याख्या करना' म्हणजे उलगडून सांगणं. मराठी वाचकाला व्याख्या म्हटलं की शाळेत पाठ केलेली आठवते: बलाची व्याख्या, वेगाची व्याख्या. तुमचं शीर्षक वाचून तो पहिल्याच परिच्छेदात 'संदिग्ध घनता म्हणजे...' असं वाक्य शोधेल. मराठीत आपण अर्थ लावतो. 'संदिग्ध इलेक्ट्रॉन घनतेचा अर्थ लावताना' असं करा. आणि इलेक्ट्रॉनचा 'विजाणू' करायच्या फंदात पडू नका. मराठी शाळेच्या पुस्तकातही इलेक्ट्रॉनच आहे.