‘नको’ म्हणणारी माणसं आणि काकांची वही

“पुस्तक पुढं केलं की माणूस मान फिरवतो. फार लागतं हो जिवाला. मग ह्यात आनंद कसला मानायचा?”

मार्गशीर्षात गीताजयंती जवळ आली की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे समुपदेशनाला येतंच. गीता, हरिपाठ, अभंगांच्या छोट्या पुस्तिका बसस्टँडवर, बाजारात, देवळाबाहेर अनोळखी लोकांच्या हातात देणारी बरीच माणसं आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आहेत. त्यातल्या एका काकांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काका निवृत्त शिक्षक, माळकरी. आले तेव्हा तक्रार झोपेची होती. सकाळी पुस्तकांची पिशवी उचलली की छातीत धडधडायचं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलेलं. “म्याडम, चार वर्षं करायलोय हे. आधी घरी येताना पाय जमिनीवर नसायचे. आता पिशवी बघितली तरी नको वाटतंय. माझी भक्तीच कमी पडायली काय?”

पाठीमागचा प्रसंग त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितला. बसस्टँडवर एका कॉलेजच्या पोरानं पुस्तक न बघताच परत केलं आणि मित्राला म्हणाला, “मास्तर भीक मागायला लागलेत.” पोरगा त्यांच्याच शाळेतला होता. हे सांगताना काका हातातली टोपी नुसती घडी घालत होते, उलगडत होते.

मी त्यांना लगेच समजावायला गेले नाही. अशा वेळी ‘मनावर घेऊ नका’ म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. अपमान झाला होता, तो झाला म्हणूनच ऐकून घेतला.

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. रोजची नोंद त्यात होती. मी पहिली पानं चाळली. ‘चंदगडच्या गाडीत आजी. चष्मा घरी राहिलेला. पहिला अभंग मीच वाचून दाखवला. गाडी सुटेस्तोवर हात धरून होत्या.’ ‘हमाल. पैसे नकोत म्हटलं तर रागावला. दहा रुपये देऊनच घेतला हरिपाठ.’ एकेका माणसाला तीनतीन ओळी. दीड वर्षानंतरच्या पानांवर मात्र नुसते आकडे होते. ११. ९. ४. ७. २. दोनाच्या खाली तांबड्या शाईची रेघ.

“ही रेघ कशाची?”

“त्या दिवशी दहा व्हायला पाहिजे होती.”

ज्या मंडळींबरोबर ते जात, तिथं रोजचा आकडा सगळ्यांसमोर वाचायची पद्धत सुरू झाली होती. हेतू उत्साह वाढवण्याचा असेल. पण काकांची अख्खी नोकरी दहावीच्या निकालाच्या टक्केवारीवर जोखली गेलेली. आकडा घसरला की आपणच नापास, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. समोरचा प्रवासी त्यांना दिसेनासा झाला होता. दिसत होता तो दहातला एक. माझं स्पष्ट मत आहे, भक्तीच्या कामाला कोटा लावू नये. लावला की आधी देणाऱ्याचा आनंद जातो, आणि घेणाऱ्याला तर ते डोळ्यांतच कळतं.

काकांना गीता पाठ. अठराव्या अध्यायात, हे ज्ञान भक्तांना सांगणाऱ्याइतका मला प्रिय कुणी नाही, असं भगवंत म्हणतात. ६८ आणि ६९ हे श्लोक ते घडाघडा म्हणायचे. मी म्हटलं, “काका, त्याच्या आधीचा म्हणा की.” त्यांनी सुरू केलं, “इदं ते नातपस्काय नाभक्ताय कदाचन, न चाशुश्रूषवे वाच्यं...” आणि तिथंच थांबले. ज्याला ऐकायची इच्छा नाही त्याला हे सांगू नको. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे त्याला नको म्हणायची मुभा देवानंच दिल्याय.” एवढं बोलून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

कळणं आणि अंगवळणी पडणं ह्यात मात्र दोन महिने गेले. माझ्या खोलीत आम्ही नकाराचा सराव केला. मी प्रवासी व्हायची. कधी मान फिरवायची, कधी “वेळ नाही”, कधी वसकन अंगावर. काकांनी फक्त “बरं, राम कृष्ण हरी” म्हणून एक पाऊल मागं सरायचं, श्वास पूर्ण सोडायचा आणि धडधड उतरेपर्यंत जागेवर थांबायचं. पुढच्या माणसाकडं घाईनं वळायचं नाही. पिशवीत पाचच पुस्तकं. आकडा लिहायचा नाही, माणूस लिहायचा, आणि ज्यानं घेतलं नाही त्यालाही एक ओळ द्यायची. सभेत आकडा सांगणार नाही, हे मंडळींना सांगायला त्यांना सगळ्यांत जड गेलं. सांगितलं मात्र.

एका एकादशीनंतर ते आले ते वही उघडूनच. अथणीकडची एक बाई, गळ्यात तुळशीची माळ. हरिपाठ पुढं केला तर कानडीत म्हणाली, “ब्याडरी.” म्हणजे नको. पूर्वी काका तिथंच खचले असते. माळकरी असून नको म्हणते! शिवाय आपल्याकडं भाषेचा विषय निघतो की काय म्हणून माणूस आधीच आवरतं घेतो. ह्या वेळी ते एक पाऊल मागं सरून थांबले. बाईनं पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या विठोबाला हात लावून कपाळाला लावला आणि विचारलं, “कन्नडदाग ऐतेन्री?” कन्नडमध्ये आहे का? तिला देवनागरी वाचता येत नव्हतं. आणि मग बाकावर बसून तिनं ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’ आख्खा अभंग मराठीतून म्हटला, कानडी हेलात. दिंडीत ऐकून ऐकून पाठ झालेला. काकांनी पुढचा धरला. तिसऱ्याला तिची गाडी लागली.

“पुस्तक गेलं नाही बघा म्याडम,” ते म्हणाले, आणि डोळे पुसले.

त्या पोराचं विचाराल तर तो सल अजून आहे. तो बसस्टँडवर दिसला की काका आजही दुसऱ्या फलाटाकडं वळतात. मी त्यांना वळू देते.

परवा त्यांचा फोन आला होता. अभंग मराठीच, पण कन्नड लिपीत छापलेला हरिपाठ कुठं मिळेल, नाही मिळाला तर पन्नास प्रती छापून घ्यायला काय खर्च येईल. माझ्या ओळखीच्या एका प्रेसवाल्याचा नंबर दिलाय.