रिपोर्टातली लाल अक्षरं: कुठली आधी वाचायची, कुठली सोडून द्यायची

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडतो. रुग्ण ३४ वर्षांची, दूध-दही खाणारी शाकाहारी. तक्रारी थकवा, केस गळणं आणि पायाच्या बोटांना मुंग्या. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं मोठं पॅकेज केलंय. हिमोग्लोबिन १०.९, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८४, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) १८, फेरिटिन (लोहाचा साठा) २२, सीआरपी (शरीरातल्या दाहाची खूण) ९, बी-१२ १६८, होमोसिस्टीन (बी-१२ किंवा फोलेट कमी असलं की रक्तात वाढणारं अमिनो आम्ल) २४, व्हिटॅमिन डी १७, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.०, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) ०.२ आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) वाढलेला. शिवाय आयजीजी या अँटिबॉडीवरून कुठलं अन्न सोसत नाही ते सांगू पाहणारा फूड पॅनेल, त्यात गहू, दूध, तूरडाळ लाल, म्हणजे मर्यादेबाहेर. जनुकीय तपासणीत एमटीएचएफआर या फोलेटच्या वापराशी संबंधित जनुकात बदल. केसांसाठी रोज १० मिलिग्रॅम बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) चालू आहे. तुमचा बेत: गहू आणि दूध बंद, मिथाइलफोलेट (फोलेट या बी-जीवनसत्त्वाचं एक रूप) ५ मिलिग्रॅम, बी-१२साठी स्पिरुलिना (शेवाळासारख्या जीवाची पूड), आणि थायरॉइडसाठी डॉक्टरांकडे पाठवणं.

शेवटचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याच्याही आधी एक काम आहे. बाकीचा बेत आजच थांबवा.

सुरुवात बायोटिनपासून, कारण त्याने निम्मा रिपोर्ट संशयात टाकलाय. बऱ्याच इम्युनोअ‍ॅसे यंत्रांत, म्हणजे अँटिबॉडी वापरून रक्तातला पदार्थ मोजणाऱ्या यंत्रांत, अँटिबॉडीला बायोटिन जोडलेलं असतं आणि ती पकडून ठेवायला बायोटिनला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलेले कण असतात. रक्तात मोकळं बायोटिन भरपूर असलं की तेच जागा अडवून बसतं. टीएसएचसारख्या सँडविच पद्धतीच्या (सिग्नल जितका जास्त तितका पदार्थ जास्त) चाचणीत मग सिग्नल घटतो आणि आकडा खोटा कमी येतो. फ्री टी-४, फ्री टी-३ या स्पर्धात्मक पद्धतीच्या (सिग्नल जितका कमी तितका पदार्थ जास्त) चाचण्या असल्याने तिथे उलट होतं, आकडा खोटा वाढतो. काही किटमध्ये टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीही वाढलेली दिसते, म्हणजे कागदावर ग्रेव्ह्ज आजाराचं (थायरॉइड अति काम करायला लावणाऱ्या आजाराचं) चित्र अगदी पूर्ण होतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. प्रौढाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसं मानतात. १० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशे पटींहून जास्त.

तेव्हा बायोटिन बंद करून किमान ७२ तासांनी टीएसएच, फ्री टी-४ आणि फ्री टी-३ पुन्हा करा. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर जास्त थांबावं लागतं. सगळ्या कंपन्यांची यंत्रं या पद्धतीची नाहीत आणि काहींनी किट सुधारलेही आहेत, म्हणून लॅबला यंत्राचं नाव आणि किटची बायोटिन-मर्यादा विचारा. चांगली लॅब हे सांगते. मात्र विश्रांतीतली नाडी शंभरच्या वर असेल, हात थरथरत असतील, वजन उतरत असेल तर ७२ तासांची वाट न बघता थेट डॉक्टरांकडे. खरा हायपरथायरॉइडही बायोटिन घेणाऱ्या माणसाला होऊ शकतो.

आता यातली गोम. बी-१२ आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी यांच्या चाचण्याही बहुधा स्पर्धात्मक असतात. लॅबचं यंत्र याच जातीचं असेल, तर खरा बी-१२ १६८पेक्षाही कमी असू शकतो.

बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली (साधारण १४८ पिकोमोल) म्हणजे कमतरता, २०० ते ३०० हा धूसर पट्टा. १६८ आणि सोबत मुंग्या असताना एमएमए (मिथाइलमॅलोनिक आम्ल, पेशींना बी-१२ कमी पडला की वाढणारं) मागवून महाग खात्री करून घ्यायची गरज नाही, उपचारच सुरू व्हायला हवेत. एमएमए खरी उपयोगी पडते ती धूसर पट्ट्यात. तीही मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढते, म्हणून सोबत क्रिएटिनिन हवंच. रक्तातला ७०-८० टक्के बी-१२ हॅप्टोकॉरिन नावाच्या प्रथिनाला बांधलेला असतो आणि तो पेशींच्या कामी येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या आणि गरोदरपणात एकूण बी-१२ खाली दिसतो, पण पेशींना तितकी टंचाई असतेच असं नाही. म्हणून तिच्या गोळ्यांची यादी नीट घ्या. मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या ‘प्राझोल’ गोळ्याही विचारा, त्यांनी शोषण खरोखरच घटतं.

होमोसिस्टीन २४वर मात्र मी फार वजन ठेवणार नाही. रक्त काढल्यावर लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात. खोलीच्या तापमानाला नळी तशीच राहिली तर आकडा तासाला साधारण १० टक्के चढतो. नळी लगेच बर्फात आणि तासाभरात प्लाझ्मा वेगळा, हा नियम. घरून नमुना घेऊन चार घरं फिरून दुपारी केंद्रावर पोचणाऱ्या पिशवीत हे पाळलं जातंच असं नाही. शिवाय फोलेट, बी-६, थायरॉइडची मंदी, मूत्रपिंड, सगळ्यांनी तो हलतो. आणि तो खाली आणला की हृदय वाचतं ही आशा एचओपीई-२ आणि नॉर्व्हिट या रुग्णांवरच्या, २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत फोल ठरली. एमटीएचएफआरचंही तेच. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्सने २०१३मध्येच ही तपासणी रक्ताच्या गुठळ्यांच्या आजारांसाठी मागवू नये असं सांगितलंय. हा बदल लोकसंख्येत इतका सर्रास आहे की त्यावर उपचार ठरवले तर अर्ध्या गल्लीला औषध द्यावं लागेल.

यातून मिथाइलफोलेटचा धोका. बी-१२ कमी असताना भरपूर फोलेट दिलं की रक्ताचं चित्र सुधारतं आणि मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. मुंग्या येणाऱ्या रुग्णात हा खेळ करू नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात दोन-तृतीयांश मातांचा बी-१२ कमी होता, फोलेट कमी असलेली जवळपास कुणीच नव्हती. आणि बी-१२ कमी, फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये पुढे इन्शुलिनला विरोध सगळ्यात जास्त दिसला. पाश्चात्त्य पुस्तकातला ‘आधी फोलेट’ हा क्रम आपल्या शाकाहारी रुग्णाला लावताना हे आकडे समोर असू द्या. ती गर्भधारणेचा विचार करत असेल तर फोलिक आम्ल लागेलच, पण बी-१२सोबत.

स्पिरुलिनातला बी-१२ बहुतांशी छद्म असतो. तो माणसाच्या शरीरात काम करत नाही. इडली-आंबोलीच्या आंबवण्यातूनही भरवशाचा बी-१२ मिळत नाही. शाकाहारी घरात खरा स्रोत एकच, दूध आणि दुधाचे पदार्थ, आणि तेच तुम्ही बंद करायला निघालात.

डोसचं गणित समजून घ्या. आतड्यातला इंट्रिन्सिक फॅक्टरचा (जठरात बनणाऱ्या, बी-१२ आत नेणाऱ्या प्रथिनाचा) रस्ता एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमलाच भरून जातो. त्यापलीकडचं साधारण एक टक्का नुसतं झिरपून आत जातं. म्हणून १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहाएक मायक्रोग्रॅम मिळतात आणि शोषणाचा दोष असला तरी ती गोळी चालते. मज्जासंस्थेची लक्षणं असली की मात्र सुरुवात इंजेक्शनने करायची पद्धत आहे आणि तो निर्णय डॉक्टरांचा. त्यांच्याकडे पाठवताना चिठ्ठीत मुंग्या कधीपासून, तोल जातो का, डोळे मिटून उभं राहता येतं का, घोट्याला ट्यूनिंग फोर्कची कंपनं जाणवतात का, हे लिहा. नुसतं ‘बी-१२ कमी’ लिहिलेली चिठ्ठी वेळ वाया घालवते. इंट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडीची चाचणी (शरीर त्या प्रथिनावरच हल्ला करतंय का ते पाहणारी) करायची असेल तर नमुना पहिल्या इंजेक्शनआधी. नंतर लगेच केली तर काही किट खोटं पॉझिटिव्ह देतात.

एक गोष्ट हमखास सुटते. ‘नसांच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉम्बिनेशन गोळ्यांत बी-६ बरंच असतं. ते महिनोन्महिने जास्त घेतलं की त्यानेच पायाला मुंग्या येतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. तिच्या घरातल्या सगळ्या डब्यांचे फोटो मागवा आणि बी-६ची बेरीज करा.

लोहाकडे वळू. एमसीव्ही ८४ बघून फसू नका. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असले की सरासरी साळसूद दिसते आणि चुगली करतो तो आरडीडब्ल्यू. इथे तो १८ आहे. फेरिटिन २२ लॅबच्या पट्ट्यात बसतं म्हणून काळ्या अक्षरात छापलंय, पण दाह असला की फेरिटिन वाढतं आणि तिचा सीआरपी ९ आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष निरोगी प्रौढाला १५, दाह असताना ७०. म्हणजे हे फेरिटिन कमीच. बी-१२ भरू लागल्यावर एमसीव्ही खाली घसरेल, तेव्हा घाबरू नका, झाकलेली लोहाची कमतरता उघडी पडतेय. मात्र एमसीव्ही पासष्टच्या आसपास आणि लाल पेशींची संख्या साडेपाच दशलक्षांच्या वर असती, तर आधी हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी) सुचवली असती. सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत थॅलेसेमिया मायनर, विदर्भ आणि नंदुरबारकडे सिकल सेल हे हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष डोक्यात हवेत.

लोहाची गोळी रोज दोनदा देण्याची सवय सोडा. ६० मिलिग्रॅम किंवा जास्त लोह घेतलं की हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं हार्मोन) चोवीसेक तास चढलेलं राहतं आणि पुढच्या डोसचं शोषण बंद पाडतं. झुरिचच्या गटाने २०१७मध्ये दाखवलं की दिवसाआड दिलेल्या डोसाचं शोषण जास्त होतं. सौम्य अ‍ॅनिमियात ६० ते १०० मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह, सकाळी एकदा, दिवसाआड. पाकिटावर क्षाराचं वजन आहे की मूलद्रव्य लोहाचं ते वाचा: २०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये ६५च मिलिग्रॅम लोह असतं. चहा आणि कॅल्शियमची गोळी त्यापासून लांब, चहा निदान तासभर. जेवणात मोडाच्या उसळीवर लिंबू पिळा, पालकाच्या रसाने काही होत नाही. आणि पाळीतला रक्तस्राव किती ते विचारल्याशिवाय लोहाचा विषय मिटवू नका.

एचबीए१सी ६.० पाहून तिला ‘प्रीडायबेटिक’ म्हणू नका. लोह किंवा बी-१२ कमी असताना लाल पेशी जास्त जुन्या होतात आणि आकडा खोटा चढतो. उपाशीपोटीची साखर, शंका असल्यास ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करा. एचबीए१सी अ‍ॅनिमिया सुधारल्यावर पुन्हा.

आयजीजी पॅनेल बाजूला ठेवा. आयजीजी, विशेषतः आयजीजी-४, आपण काय खातो याची नोंद असते. युरोपियन अ‍ॅलर्जी अकादमीने २००८मध्येच ही चाचणी अन्न-असहिष्णुतेसाठी वापरू नये असं म्हटलंय. रोज पोळी, दूध, वरण खाणाऱ्या माणसात गहू, दूध, तूर लाल येणारच! लोह, बी-१२ आणि डी तिन्ही कमी असल्याने सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) शंका मात्र रास्त आहे. त्यासाठी टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणारी अँटिबॉडी) आणि सोबत एकूण आयजीए, गहू चालू असतानाच. आज गहू बंद केलात तर चाचणी खोटी निगेटिव्ह येईल आणि पुढे तिला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालून तपासावं लागेल. केसांतल्या खनिजांचा पॅनेल करायचा मोह झाला तर २००१मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेला प्रयोग आठवा. एकाच व्यक्तीचे केस सहा लॅबना पाठवले होते आणि उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत.

व्हिटॅमिन डी १७. ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, जेवणानंतर. सूचना लिहून द्या आणि वार ठरवून द्या. हे सॅशे रोज घेऊन कॅल्शियम चढलेले रुग्ण येत असतात. एंडोक्राइन सोसायटीने २०२४मध्ये ३०चं लक्ष्य सोडून दिलंय, त्यामुळे ‘ऑप्टिमल ६०’ गाठायच्या मागे लागू नका.

लॅबच्या पट्ट्यापेक्षा अरुंद पट्टा सांगणाऱ्या ‘ऑप्टिमल रेंज’च्या तक्त्यांबद्दल एवढंच. वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसातही किमान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. पट्टा अरुंद केला की ती आणखी वाढते. आणि टीएसएच एकाच माणसात इतका हलतो की ३.१चा ४.४ होणं हा बदल म्हणून धरता येत नाही. फरक सुमारे ५० टक्क्यांच्या पलीकडे गेला तरच बोला. पुढच्या वेळी नमुना त्याच लॅबला, सकाळी त्याच वेळेला. लॅबला एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या मंडळाची मान्यता असली तरी नेमकी ती चाचणी मान्यतेच्या यादीत आहे का हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहा.

क्रम असा लावा. आज बायोटिन बंद आणि डॉक्टरांना चिठ्ठी. ७२ तासांनंतर एकाच सुईत थायरॉइड, बी-१२, टीटीजी-आयजीए, एकूण आयजीए, क्रिएटिनिन. बी-१२ सुरू झाल्यावर आठवडा-दहा दिवसांनी रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी), त्या वाढल्या तर औषध लागू पडतंय. इंजेक्शन चालू असताना बी-१२ मोजण्यात पैसे घालवू नका, तो आकडा वरच दिसणार. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन, ते एक ग्रॅमभर वाढायला हवं. बारा आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन सीआरपीसकट, आणि मग एचबीए१सी. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही लोह तीनेक महिने चालू. मुंग्या कमी व्हायला महिने लागतात, पण त्या वर सरकत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा बिघडला, तर बारा आठवड्यांचं वेळापत्रक विसरून त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे.