हळद-कोरफडीची क्रीम भाजलेल्या जखमेवर 'सिद्ध' झाली आहे का?

उंदरांवर बऱ्यापैकी. माणसांवर म्हणाल तर पुरावा तोकडा.

भाजल्यावर मधला भाग मरतो, पण त्याच्या कडेची त्वचा एक-दोन दिवस जगू की मरू अशा अवस्थेत असते. तिथे तयार होणारे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) तिचा जीव घ्यायला हातभार लावतात. या रेणूंना आवरणाऱ्या, म्हणजे अँटिऑक्सिडंट, हळदीसारख्या क्रीमची सगळी आशा या कडेवर आहे.

चाचणीत भूल दिलेल्या उंदराला तापलेल्या धातूने ठरावीक डाग देतात. मग एका गटाला नुसता मलमाचा बेस, एकाला औषध, एकाला सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजल्यावर लावायचं नेहमीचं जंतुनाशक मलम) लावून जखमेचं क्षेत्रफळ मोजतात. गोम इथेच आहे! उंदराची जखम मुख्यतः आक्रसून बंद होते, आपली बरीचशी नवी त्वचा येऊन. शिवाय सिल्व्हर सल्फाडायझिन स्वतःच जखम भरणं लांबवतं असं दिसलंय. त्याला हरवणं फार मोठी गोष्ट नाही.

आणि हो, रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने 1997 मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट रद्द करवलं, ते 'हे ज्ञान जुनंच आहे' म्हणून. गुण सिद्ध झाला म्हणून नव्हे.

भाजल्यास आधी 20 मिनिटं नळाचं गार वाहतं पाणी. हळद डब्यातच राहू द्या.