फेल-सेफ आणि फेल-सिक्युअर: दोघांनाही 'सुरक्षित' म्हणायचं का?

प्रश्न असा आहे: सोसायटीत दारांवर कार्डाची यंत्रणा बसते आहे. कोटेशनमध्ये जिन्याच्या दाराला 'फेल-सेफ' कुलूप लिहिलंय, कचेरीच्या दाराला 'फेल-सिक्युअर'. सभासदांसाठी मराठी पत्रक काढायचं, तर दोन्हीकडे 'सुरक्षित' हाच शब्द येतो. फरक कसा दाखवायचा?

'सुरक्षा' या शब्दात आपण दोन गोष्टी कोंबल्या आहेत. माणसाला इजा न होणं ही एक आणि मालाला धक्का न लागणं ही दुसरी. एरवी संदर्भाने निभावतं. कारखान्यातला 'सुरक्षा सप्ताह' म्हटलं की हेल्मेट आठवतं, 'सुरक्षारक्षक' म्हटलं की फाटकावरचा माणूस. कुलपाशी आलं की मात्र या दोन अर्थांचं भांडण लागतं. वीज तुटली की फेल-सेफ कुलूप सुटतं, कारण तिथे जीव महत्त्वाचा. फेल-सिक्युअर तसंच लागलेलं राहतं, कारण तिथे कपाटं महत्त्वाची.

'विफलता-सुरक्षित' असा शब्द घडवता येईल, पण आग लागल्यावर दार उघडणार की नाही हे त्यातून कुणालाही कळणार नाही. 'वीज गेल्यास उघडे' आणि 'वीज गेल्यास बंद' हे पहिल्यांदा सुचतं आणि बरंही वाटतं. पण 'बंद' फसवा आहे. दार लोटलेलं असलं तरी बंद, कुलूप लावलेलं असलं तरी बंद, आणि यंत्र बिघडलं तरी बंदच. "जिन्याचं लॉक बंद आहे" असं वॉचमनने सांगितलं तर ते फेल-सेफ असताना अर्थ नेमका उलटा: दार सताड उघडं आहे! म्हणून मी कुलपाची घरगुती क्रियापदंच घेईन. कुलूप लागतं आणि कुलूप सुटतं. 'वीज तुटल्यास सुटणारे' आणि 'वीज तुटल्यास लागून राहणारे'. लांब आहेत खरे, पण पत्रक वाचणाऱ्याला खुलासा विचारावा लागणार नाही.

'गेल्यास'ऐवजी 'तुटल्यास' का? इमारतीचे दिवे गेले तरी यंत्रणेला बॅटरी असते, त्यामुळे कुलूप लगेच सुटत नाही. मुद्दा खुद्द कुलपाला मिळणाऱ्या पुरवठ्याचा आहे. आग लागली तर अलार्मच्या पॅनेलमधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, तोच पुरवठा मुद्दाम तोडतो. आणखी एक, 'लागून राहणारे' हे बाहेरच्या बाजूपुरतंच. आतून साध्या मुठीने दार उघडलंच पाहिजे.

बसवणारे 'ईएम लॉक' म्हणतात ते चौकटीवरचं विद्युतचुंबक. दारावरच्या लोखंडी पट्टीला ते धरून ठेवतं. 600 पौंडांचं, म्हणजे साधारण 270 किलोंची ओढ सोसणारं, सर्रास दिसतं. वीज नाही तर चुंबकत्व नाही, त्यामुळे ते स्वभावानेच सुटणारं. कोटेशनमध्ये साधं ईएम लॉक आणि त्यापुढे 'फेल-सिक्युअर' असं लिहिलेलं आढळलं तर शब्दाचा नव्हे, मालाचा खुलासा मागा. इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे चौकटीतला विजेवर चालणारा खटका, दोन्ही प्रकारांत मिळतो.

बाकीचे शब्द भराभर. कार्ड, पिन, बोटाचा ठसा या सगळ्यांना मिळून 'क्रेडेन्शियल' म्हणतात. 'परवली' हा जुना, देखणा शब्द पिनला शोभतो, बोटाला नाही. सगळ्यांसाठी 'ओळखखूण' चालेल. 'कार्ड पंच करा' राहू द्या. हजेरीच्या जुन्या यंत्रांपासून ते तोंडात बसलंय. फक्त 'कार्ड घासा' लिहू नका. 125 किलोहर्ट्‌झच्या रेडिओलहरींवर चालणारं असो की 13.56 मेगाहर्ट्‌झचं, ते रीडरजवळ, म्हणजे दाराशेजारच्या कार्ड वाचणाऱ्या डबीजवळ, नुसतं धरायचं असतं.

एकाने कार्ड दाखवायचं आणि दोघांनी आत शिरायचं, हे 'टेलगेटिंग'. 'मागोमाग घुसणे' पुरेसं आहे. वाड्याच्या मोठ्या दरवाजातली दिंडी नेमकी याच त्रासावरचा उपाय होती: वाकून, एकेकाने या. 'अँटी-पासबॅक' मात्र भाषांतराला दाद देत नाही. आत गेलेल्याने कार्ड मागच्याला द्यायचं आणि त्यानेही त्यावरच आत यायचं, ही युक्ती मोडण्यासाठी यंत्रणा कार्ड आत आहे की बाहेर याची नोंद ठेवते. 'पुनर्प्रवेश प्रतिबंध' लिहिलंत तर सभासद घाबरतील. सरळ लिहा: 'बाहेर पडताना कार्ड न दाखवल्यास पुढच्या वेळी दार उघडणार नाही.' यासाठी दाराच्या दोन्ही अंगांना रीडर लागतो हे कोटेशनमध्ये बघून घ्या.

शेवटी दाराशेजारच्या दोन वस्तू. दोघींनाही 'एक्झिट बटण' म्हणायची पद्धत आहे, ती पत्रकात नको. साधं बटण कंट्रोलरकडे, म्हणजे कार्ड तपासून कुलूप सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या पेटीकडे, दार उघडण्याची विनंती करतं. कंट्रोलर अडला तर विनंती ऐकणारं कुणी नाही. काचेची हिरवी डबी नीट जोडलेली असेल तर कंट्रोलरला न विचारता कुलपाचा पुरवठा थेट तोडते. पहिल्यावर 'बाहेर जाण्यासाठी दाबा' आणि दुसऱ्यावर 'आणीबाणीत काच दाबून फोडा' अशी पाटी लावा.